उंच मुलगा आणि नववीचा निकाल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर नुकताच विदर्भातल्या एका उंच मुलाबद्दलचा मजकूर वाचला. दहावीत साडेसहा फूट उंची, आणि त्याला बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कॉलेजात पाठवायचा घरच्यांचा बेत. मुलाचं कौतुक आहेच. पण त्याच मजकुरात कुणा मार्गदर्शकाच्या हवाल्यानं म्हटलं होतं, की एवढी उंची असली की तिकडची कॉलेजं आपण होऊन बोलावतात, बाकी सगळी औपचारिकता. ते वाचून राहवलं नाही. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच असेल तर माझ्या आठवणींना लावा, नियमांचा भाग तेवढा राहू द्या.

आधी उंचीचंच बोलू. साडेसहा फूट ही अमेरिकन कॉलेजात उंच माणसाची उंची धरत नाहीत. त्या उंचीची मुलं तिथे गार्ड असतात, ड्रिबल करत, म्हणजे टप्पे देत, चेंडू वर आणतात, लांबून तीन गुणांचे शॉट मारतात. बास्केटखाली जो उभा राहतो तो सेंटर, ज्याला सगळे नुसतं ‘बिग’ म्हणतात, तो बहुधा सहा फूट दहाच्या आसपासचा किंवा त्याहून उंच. आपल्याकडे साडेसहा फुटी पोरगं दिसलं की पहिल्या दिवसापासून त्याला रिंगखाली उभं करतात. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, घे, गार्डला दे, मागे पळ. अठराव्या वर्षी तो अमेरिकेच्या हिशेबानं सेंटरला बुटका आणि गार्डला अडाणी. त्या मुलाच्या प्रशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, त्याला आत्ताच ड्रिबल शिकवा.

मी मूळची नागपूरची. शिवाजीनगरच्या सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेतले, विद्यापीठाच्या मुलींच्या संघात सेंटर खेळले, पाच फूट नऊ इंचांवर. तेव्हा तेवढ्यात भागायचं. लग्नानंतर इंडियानात आले आणि पर्ड्यू विद्यापीठाच्या गावाला लागून संसार झाला. नोकरी मात्र दुसऱ्याच एका कॉलेजात. तिथल्या खेळाडू मुलांना संध्याकाळी बीजगणित शिकवायचं, निवृत्त होईपर्यंत हेच काम. त्यामुळे ही उंच मुलं मी टीव्हीवर पाहिली त्याहून जास्त टेबलाच्या पलीकडे बसलेली पाहिली आहेत. टेबलाच्या पलीकडे म्हणजे काय, तर गुडघे टेबलाखाली मावत नाहीत म्हणून खुर्ची हातभर मागे आणि वही मांडीवर.

झॅक ईडीचं नाव आपल्या वाचकांनी कदाचित ऐकलं असेल. सात फूट चार इंच. टोरांटोचा मुलगा, लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळणारा. बास्केटबॉल त्यानं हातात घेतला तो आपल्याकडे मुलं दहावीला बसतात त्या वयात. पुढे फ्लोरिडातल्या आयएमजी अकॅडमी या क्रीडाशाळेत गेला. तिथून कॉलेजात जायच्या वेळी एका प्रसिद्ध क्रमवारीत त्याचा नंबर चारशेच्याही खाली होता. सात फूट चार इंच उंची असून! उंची बघून कॉलेजं धावत येतात म्हणणाऱ्यांनी एवढा एक आकडा लक्षात ठेवावा. पर्ड्यूनं त्याला घेतलं. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२०-२१ मध्ये, ४० मिनिटांच्या सामन्यात तो सरासरी पंधरा मिनिटं कोर्टवर असायचा. दुसऱ्या वर्षी ट्रेव्हियन विल्यम्स नावाच्या अनुभवी मुलाबरोबर जागा वाटून घ्यावी लागली, तेव्हाही वीस मिनिटांच्या आतबाहेरच. तिसऱ्या वर्षी सामन्याला बावीसहून अधिक गुण, बारा-तेरा रिबाउंड, आणि देशातला सर्वोत्तम खेळाडू. चौथ्या वर्षी पुन्हा तोच. लागोपाठ दोन वर्षं हा मान त्याच्या आधी व्हर्जिनियाच्या राल्फ सॅम्पसनला मिळाला होता, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. २०२४ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, मेम्फिसनं त्याला नवव्या क्रमांकावर उचललं.

यातली पहिली दोन वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात. पर्ड्यूच्या मॅकी अरीनात आमची जागा बरीच वर, पण तिथूनही फरक दिसायचा. सुरुवातीला चेंडू हातात आला की ईडी तो खाली आणायचा, पार कमरेपर्यंत, आणि सहा फुटी पोरं येऊन चापट मारून तो घालवून टाकायची. मॅट पेंटर हे तिथले मुख्य प्रशिक्षक. उंच मुलांकडे बघणारे ब्रँडन ब्रँटली पर्ड्यूचेच जुने खेळाडू, नव्वदच्या दशकात तिथेच रिंगखाली खेळलेले. या मंडळींनी एक रांगच लावली होती म्हणा ना. ए. जे. हॅमन्स, मग आयझॅक हास, कॅलेब स्वॅनिगन, मॅट हार्म्स, ट्रेव्हियन विल्यम्स, मग ईडी. एक पुढे खेळतोय तोवर दुसरा सरावात त्याच्या छातीवर आपटतोय आणि शिकतोय. उंच मुलाला सरावात तेवढाच उंच आणि वयानं मोठा मुलगा समोर लागतो. तो कुठल्या व्हिडिओत मिळत नाही.

आणि एवढं करूनही २०२३ च्या मार्चमध्ये हेच पर्ड्यू राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत फेअरली डिकिन्सन विद्यापीठाकडून ६३-५८ असं हरलं. तो अख्ख्या डिव्हिजन वनमधला, म्हणजे कॉलेजांच्या सर्वांत वरच्या गटातला, सर्वांत बुटका संघ! ईडीनं २१ गुण आणि १५ रिबाउंड घेतले तरी हरले. आमच्या गावात त्या रात्री सुतक होतं. पुढच्या वर्षी संघ थेट अंतिम सामन्यात गेला आणि कनेटिकटकडून ७५-६० हरला. ईडीचे त्यात ३७ गुण. समोर सात फूट दोन इंचांचा डोनोव्हन क्लिंगन होता, बाकीच्या चौघांना कनेटिकटनं श्वास घेऊ दिला नाही.

उंच मुलगा घडवायला काय लागतं याचा नमुना आजचा नाही. जॉर्ज मायकनला नोत्र दाम विद्यापीठानं परत पाठवलं होतं. सहा फूट दहा इंच, जाड चष्मा, पाय पायात अडकणारे. १९४२ मध्ये शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मायर हे तरुण प्रशिक्षक आले आणि त्यांनी या मुलाला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्ध करायला लावलं, नाच शिकायला पाठवलं. आणि रिंगखालचा तो सराव दिला, जो आज जगभर ‘मायकन ड्रिल’ म्हणून चालतो. आमच्या नागपूरच्या सरांनीही तोच करून घेतला होता, नाव न सांगता. रिंगच्या अगदी खाली उभं राहायचं. डाव्या पायावर उडी, उजव्या हातानं बोर्डावर. चेंडू जाळीतून पडतो तो जमिनीला लागू द्यायचा नाही, हनुवटीच्या वरच झेलायचा, आणि तसाच उजव्या पायावर उडी, डाव्या हातानं. पुन्हा डावा पाय, उजवा हात. ड्रिबल नाही, थांबणं नाही. पंचवीस-तीस झाले की खांदे जळायला लागतात आणि हात आपोआप खाली येतो. सर तेवढ्याचीच वाट बघत असायचे. ‘खाली आणला की गेला!’ ही आरोळी माझ्या कानात अजून आहे. पुढे मायकन आणि ओक्लाहोमा ए अँड एम कॉलेजचा बॉब कर्लंड रिंगवरून चेंडू अडवायला लागले म्हणून १९४४ मध्ये गोलटेंडिंगचा नियम आला. ज्याला पाय उचलता येत नव्हता त्याच्यासाठी दोन वर्षांत नियम बदलायची वेळ आली.

हकीम ओलाजुवॉनचंही तसंच. १९८० मध्ये लागोसहून ह्यूस्टनला आला तेव्हा तो हँडबॉल आणि फुटबॉल खेळणारा पोरगा. पहिलं वर्ष सामने नाहीत, नुसता सराव. दुसऱ्या वर्षी बाकावरून येऊन खेळायचा. उन्हाळ्यात फाँड नावाच्या सार्वजनिक जिममध्ये मोझेस मलोनसारखा कसलेला व्यावसायिक त्याला रोज ढकलून ढकलून शिकवायचा. १९८४ मध्ये तो ड्राफ्टमध्ये पहिला.

आता मुद्दा असा, की हे असं थांबणारं कोण उरलंय? जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावता येतात. २०२४ पासून कितीही वेळा कॉलेज बदललं तरी एक मोसम बाहेर बसावं लागत नाही, अभ्यासात पास असलं की झालं. आणि जून २०२५ मध्ये ‘हाउस’ खटल्यातली तडजोड न्यायालयानं मान्य केल्यापासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, सगळ्या खेळांचे मिळून पहिल्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मुलांना पैसे मिळतात याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या घामावर प्रशिक्षकांचे बंगले झाले, तेव्हा कुणी ओरडलं नाही. पण संघात जागा पंधरा. प्रशिक्षकाची नोकरी मार्चमधल्या निकालावर. मग अठरा वर्षांच्या अर्ध्याकच्च्या सात फुटी मुलावर दोन वर्षं घालवण्यापेक्षा बावीस-तेवीस वर्षांचा तयार गडी ट्रान्सफर पोर्टलवरून, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीतून, किंवा युरोपातून आणणं सोपं. शिवाय घडवलेला मुलगा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जास्त पैशांसाठी निघून गेला तर घडवलं कुणासाठी?

अगदी पर्ड्यूचंच बघा. डॅनियल जेकब्सन हा सात फूट चार इंचांचा मुलगा २०२४ मध्ये आला आणि दुसऱ्याच सामन्यात त्याचं नडगीचं हाड मोडलं, मोसम संपला. पुढच्या वर्षासाठी त्यांनी ऑस्कर क्लफ हा ऑस्ट्रेलियन आणला. चोविशीला टेकलेला, ॲरिझोनातलं ज्युनियर कॉलेज (आपली अकरावी-बारावी नव्हे, तिकडचं बारावीनंतरचं दोन वर्षांचं), वॉशिंग्टन स्टेट आणि साउथ डकोटा स्टेट असा तीन घाटांचं पाणी प्यायलेला. ज्युनियर कॉलेजातली वर्षं खेळायच्या चार मोसमांत मोजायची नाहीत अशी सवलत तेव्हा कोर्टकचेऱ्यांमुळे मिळाली होती, तिचा त्याला उपयोग झाला. क्लफ चांगला खेळाडू आहे, दणकट आहे, मला आवडतो. पण ज्या गावात रांग लावून बिग घडवायचे तिथेही आता तयार माल लागतो, हे आम्ही वरच्या रांगेतले लोक बघतोय.

पात्रतेच्या नियमांचा तर खेळखंडोबाच झालाय. २०१० मध्ये केंटकी विद्यापीठानं एनेस कँटर हा तुर्की सेंटर आणला. तुर्कस्तानात फेनरबाचे क्लबकडून त्याला राहण्या-खाण्याच्या खर्चापेक्षा ३३,०३३ डॉलर जास्त मिळाले होते, म्हणून एनसीएए या कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेनं त्याला कायमचा अपात्र ठरवला. एकही सामना न खेळता तो वर्षभर बाकावर सूट घालून बसला आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा गेला. त्याच केंटकीत झ्वोनिमिर इव्हिसिच या सात फूट दोन इंची क्रोएशियन मुलाला परवानगी मिळता मिळता जानेवारी २०२४ उजाडला, अर्धा मोसम गेला. आणि डिसेंबर २०२५ मध्ये बेलर विद्यापीठानं जेम्स नाजीला घेतलं. नायजेरियाचा सात फुटी मुलगा, बार्सिलोनासाठी वरिष्ठ संघात खेळलेला, २०२३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये ३१ वा निवडला गेलेला. त्याला मोसमाच्या मध्यावर येऊन चार वर्षांची पात्रता! एकाला तेहेतीस हजारांसाठी फाशी आणि दुसऱ्याला ड्राफ्ट होऊनही हार.

मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक टॉम इझो भडकले, बाकीचेही बोलले. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांना जाहीर करावं लागलं की एनबीएचा करार केलेल्याला आम्ही पात्र ठरवणार नाही. नाजीनं तसा करार केला नव्हता, एवढीच काय ती त्यांची सीमारेषा. ती रेषा महिनाभर टिकली नाही. चार्ल्स बेडियाको हा कॅनडाचा सात फुटी सेंटर २०२३ मध्ये अलाबामा सोडून व्यावसायिक झाला होता, एनबीएच्या स्पर्स संघाबरोबर करारही केला होता. जानेवारी २०२६ मध्ये तो स्थानिक न्यायालयाचा तात्पुरता आदेश घेऊन पुन्हा अलाबामाकडून खेळायला उतरला. काही सामने खेळला, फेब्रुवारीत न्यायालयानं आदेश पुढे चालवायला नकार दिला आणि बाहेर गेला. गंमत बघा, या सगळ्या प्रकरणांत मुलगा सात फुटांच्या आसपासचा. गार्ड तयार करायला गावागावांत मुलं आहेत. सात फुटी माणसं मोजकी, म्हणून नियम त्यांच्याच पायाशी मोडतात.

मला विचाराल तर पैसे घेतले की नाही हा प्रश्नच सोडून द्यावा. शाळा संपल्यापासून पाच वर्षं मोजा, त्या पाचांत मुलानं कुठेही खेळावं, कितीही घ्यावेत, पाच झाली की कॉलेजचा खेळ संपला. अशा पाच वर्षांच्या नियमाची चर्चा तिकडे चालू आहे. तसं झालं तर अठराव्या वर्षी आलेल्या कच्च्या मुलाला निदान पंचविशीच्या गड्याशी जागेसाठी झगडावं लागणार नाही. आज सगळ्यात मोठा तोटा त्याचाच होतो, आणि नागपूरहून जाणारा मुलगा असेल तर तो नेमका त्याच रांगेत असणार.

आता आपल्या मुलांचं. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर आयएमजी अकॅडमीत गेला, सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये डॅलसनं त्याला ५२ वा निवडला आणि एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय ठरला. त्या वेळी आपल्याकडच्या पेपरांनी ढोल वाजवले. तो कॉलेजात न जाता थेट ड्राफ्टला का बसला, हे कमी जणांनी छापलं. अभ्यासाच्या अटी पूर्ण होत नव्हत्या. इंग्रजी न येणारा मुलगा परक्या देशात नववी-दहावीला बसला, खेळात दोन हात पुढे गेला आणि वर्गात मागे राहिला. कॉलेजची तीन-चार वर्षं, जिथे ईडी घडला, ती त्याला मिळालीच नाहीत. एनबीएत तो एकही सामना खेळला नाही. टोरांटोचा सिम भुल्लर, सात फूट पाच इंच, न्यू मेक्सिको स्टेटला गेला, पण पात्रतेच्या फेऱ्यात २०११-१२ चा अख्खा मोसम बाहेर बसला. पुढचे दोन मोसम खेळला आणि दोन्ही वेळा त्यांच्या विभागीय स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटोकडून उतरून एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला माणूस झाला. आणि एक नाव मी मुद्दाम घेते, कारण उंच मुलींबद्दल कुणी लिहीत नाही. हरसिमरन कौर ही ग्रेटर नोएडाच्या एनबीए अकॅडमीच्या उपक्रमातून पुढे येऊन सॅन डिएगो विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेली. उंच मुलींच्या आईबापांनी हेही पत्र आपल्यासाठीच आहे असं समजावं.

नियम असे आहेत. डिव्हिजन वनसाठी नववी ते बारावीत ठरावीक १६ विषय लागतात: इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, परभाषा अशा गटांतले. त्यांत सरासरी चारपैकी २.३ हवी. त्या १६ पैकी १० विषय बारावी सुरू व्हायच्या आधी झालेले हवेत, आणि त्या दहांपैकी सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. एसएटी परीक्षेची अट २०२३ मध्ये गेली, त्यामुळे शाळेतल्या गुणांवरच सगळा भार आला. म्हणजे बारावीत जीव तोडून अभ्यास करून मागची भरपाई होत नाही. आपल्याकडे खेळाडू मुलाला ‘नववी काय, शाळेचीच परीक्षा’ म्हणून सोडून देतात, आणि नववीचं निकालपत्रक तर घरात कुणाला सापडत नाही. अकरावीला ‘सरावाला वेळ मिळतो’ म्हणून वाणिज्य शाखा घेतात. त्यातलं अर्थशास्त्र चालेल, पण पुस्तपालन आणि चिटणिसाची कार्यपद्धती त्या यादीत बसणं कठीण. गणित सोडलं असेल तर आणखी पंचाईत.

दुसरी गोष्ट वर्षांची. नववीला बसल्यापासून चार वर्षांत शाळा संपायला हवी. आपले काही प्रशिक्षक वयोगटाच्या स्पर्धेसाठी मुलाला एक वर्ष मागे ठेवायला सांगतात, जन्मतारखांच्या करामती तर विचारूच नका. ते वर्ष इथे हिशेबात येतं. बारावीनंतर वर्षभराच्या आत कॉलेजात दाखल व्हायचं, नाही तर स्पर्धा खेळत बसलेल्या वेळेबद्दल मोसम कापले जातात. कुठल्या संघाकडून पगार किंवा बक्षिसाची रक्कम घेतली असेल तर त्याचे कागद जपा, विचारणा होते. आणि डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, हेही आधी माहीत असावं. ‘अमेरिकेत संघात निवड झाली’ एवढ्यावर पेढे वाटून झाल्यावर फीचं पत्र आलेलं एक कुटुंब माझ्या ओळखीचं आहे.

व्हिसाचंही एक कलम आहे, ते मराठी घरांना वेगळं सांगायला नको. ज्यांची पोरं एफ-१ व्हिसावर शिकतात त्यांना आठवड्याला कॅम्पसवरचे २० तास पाठ आहेत. हाच व्हिसा या परदेशी खेळाडूंचाही. बाजूच्या लॉकरमधला अमेरिकन मुलगा गाडीच्या शोरूमची जाहिरात करून पैसे कमावतो, ह्याला तसं काम करता येत नाही. काँगोचा ऑस्कर शिब्वे २०२२ मध्ये देशाचा सर्वोत्तम खेळाडू होता, तरी जाहिरातींची कामं उरकायला त्याला केंटकी संघाच्या बहामाच्या दौऱ्याची वाट बघावी लागली, कारण ती अमेरिकेची भूमी नव्हे. कॉलेजकडून थेट मिळणाऱ्या पैशांचं या मुलांच्या बाबतीत काय करायचं, यावर वकिलांचं अजून एकमत नाही. तेव्हा कोट्यवधींचे आकडे दाखवणाऱ्याला हा व्हिसाचा प्रश्न पहिला विचारा.

विचारायचं कारण सांगते. माझ्या भाच्याचा मुलगा उंच आहे आणि बरा खेळतो. त्यांच्या शहरातल्या एका सल्लागारानं ‘हमखास डिव्हिजन वन’ म्हणून काही लाख मागितले, अर्धे आत्ता आणि अर्धे शिष्यवृत्तीचं पत्र आल्यावर. भाच्यानं मला फोन केला तो कर्ज कुठून काढावं हे विचारायला. मी म्हटलं, बाप्पा, आधी हे ऐक. हमखास कुणीच देऊ शकत नाही, खुद्द प्रशिक्षकसुद्धा नाही, कारण पात्रता कॉलेज ठरवत नाही, एनसीएएचं पात्रता केंद्र ठरवतं. आणि शिष्यवृत्ती मिळाली तर उरलेले पैसे, हा व्यवहारच नियमाबाहेरचा. कुठल्याही सेवेला ठरावीक फी देता येते, पण प्रवेश मिळवून दिल्याबद्दलचं कमिशन दिलं की मुलाचीच पात्रता धोक्यात येते. म्हणजे पैसे देऊन स्वतःच्या पोराचा रस्ता बंद. पात्रता केंद्राचं खातं घरच्या संगणकावरून उघडता येतं, फी भरावी लागते ती त्यांना. प्रशिक्षकांना ई-मेल स्वतः मुलानं लिहावा, आणि सोबत डंकच्या तुकड्यांऐवजी एका पूर्ण सामन्याचा व्हिडिओ पाठवावा, ज्यात तो हरतोय, दमतोय, तरी मागे पळतोय हे दिसेल. मी ज्यांना ओळखायचे ते प्रशिक्षक तेवढंच बघायचे.

आणि गेल्यावर काय, तेही ऐकून ठेवा. माझ्याकडे शिकायला येणारा पश्चिम आफ्रिकेतला एक सहा फूट अकराचा मुलगा होता. सरावाहून थेट यायचा, दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या प्लॅस्टिकनं गुंडाळलेल्या. समीकरण सोडवेपर्यंत बर्फ वितळायचा, थेंब वहीवर, शाई पसरायची आणि तो गुपचूप पान फाडून पुन्हा लिहायचा. त्या अख्ख्या मोसमात तो मोजून काही मिनिटं खेळला. आईला फोनवर काय सांगतोस विचारलं तर म्हणाला, सांगतो की शिकतोय. पुढच्या वर्षी त्याच्या जागी पोर्टलवरून मोठा गडी आला आणि हा एका छोट्या कॉलेजात गेला. तिथे खेळला, पदवी घेतली, आज तो सिव्हिल इंजिनिअर आहे. एनबीएची बातमी होत नाही, तरी मला विचाराल तर तोच सौदा फायद्याचा.

संपादक महाशय, एक विनंती. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत आपण करिअरच्या पुरवण्या काढता. हे सोळा विषयांचं कोष्टक तेव्हा छापून उपयोग नाही, नववी तोवर होऊन गेलेली असते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्या आठवड्यात एक चौकट टाका. आणि त्या साडेसहा फुटी मुलाच्या वडिलांचा पत्ता आपल्या वार्ताहराकडे असेलच. त्यांना आधी निरोप द्या, की शाळेत जाऊन नववीच्या निकालपत्रकाची सही-शिक्क्याची प्रत काढून घ्या, मुख्याध्यापक बदलायच्या आत.

आपली एक जुनी वाचक,
लाफायेट, इंडियाना (मूळची नागपूर)